थंडीत धिंगरीची खोली कोंडू नका, सगळं पीक देठात जाईल

डिसेंबरात थंडीची लाट आली की धिंगरी (ऑयस्टर मशरूम) लावणाऱ्यांचे फोन सुरू होतात. "सर, छत्र्या येईनात, नुसते देठच वाढलेत." मी आधी एवढंच विचारतो: खिडक्यांना प्लास्टिक लावलंय का? बहुतेकांचं उत्तर 'हो' असतं. मागच्या हिवाळ्यात एका ताईंचे सगळे बेड (काड आणि बियाणं भरलेल्या पिशव्या) असे गेले. बोटभर लांब देठ, वर बटणाएवढी टोपी. व्यापाऱ्याने माल हातात घेतला आणि परत ठेवला.

यात बियाण्याचा दोष नसतो. बेडमधली बुरशी आपल्यासारखीच प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. काडात बुरशी पसरेपर्यंतचे १५ ते २० दिवस हा वायू साचला तरी चालतो, आणि तिथेच खोली बंद ठेवायची सवय लागते. टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसले की मात्र नियम उलटा होतो. आता कार्बन डायऑक्साइड १,००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत हजार भाग) आत हवा. जास्त साचला की देठ ताणत जातो आणि टोपी उमलत नाही. एनोकी नावाची अळिंबी (मशरूम) मुद्दाम अशा कोंडलेल्या हवेत वाढवतात, कारण तिच्या लांब देठालाच भाव असतो. आपल्या धिंगरीच्या देठाला कोण विचारतं?

देठ लांबतो कसा, तेही बघा. अळिंबीच्या पेशीची भिंत कायटिन आणि ग्लुकनची असते. कायटिन म्हणजे खेकड्याच्या कवचात असतं तेच. ओल्या बेडवर रातोरात उगवून काळी शाई होणारी तणछत्री सगळ्यांनी उपटून फेकली असेल. देठाच्या वाढीचा बराच अभ्यास तिच्या जातीवर झाला आहे. तिच्या देठात कायटिनचे धागे पिंपाच्या कड्यांसारखे, जवळजवळ आडवे गुंडाळलेले असतात. आतून पाण्याचा दाब असतो, पण कड्यांमुळे पेशीला जाड होता येत नाही, म्हणून ती लांब होते. भिंत फाटू नये म्हणून विकरं (एन्झाइम्स) ती जागोजाग सैल करतात आणि मधे नवं कायटिन भरलं जातं. पेशींची संख्या फार वाढत नाही, आहेत त्याच ताणल्या जातात. हा ताण मुख्यतः देठाच्या वरच्या, टोपीलगतच्या भागात चालतो. बुडाकडचा भाग आधीच थांबलेला असतो.

धिंगरीत तपशील थोडा वेगळा असेल, पण बुडाकडचा देठ चामट होतो हे चावून कळतं. चामट झालेला देठ पाण्याने मऊ होत नाही. तरी लोक फवारे मारत राहतात, मग टोप्यांवर पिवळे-तपकिरी डाग येतात आणि उरलेला मालही जातो. दुकानदार अशा वेळी 'टोपी मोठी करणारं' टॉनिक पुढे करतात. घेऊ नका. बाटलीने खोलीत हवा येत नाही.

आज रात्रीच करा:
- प्लास्टिक काढा, ओलं गोणपाट लावा
- खाली आणि वर दोन्हीकडे झरोके ठेवा, त्यांना माशीची जाळी लावा
- दिवसातून ३-४ वेळा अर्धा तास दार उघडा, दुपारी जास्त वेळ
- खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका. ती हवा आणखी बिघडवते, आणि तिच्यातून निघणाऱ्या, न दिसणाऱ्या विषारी वायूने (कार्बन मोनॉक्साइड) माणूसही दगावतो

पारा उतरला तर पीक चार दिवस उशिरा येईल, येऊ द्या. मोजायचं यंत्र महाग आहे, मी उदबत्ती लावतो. धूर जागेवरच घुटमळला तर हवा हलत नाही असं समजतो. हा माझा अंदाज आहे, विद्यापीठाची शिफारस नाही. उजेडही बघा. अंधारातही देठ लांबतात. वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड पुरतो.

बाकी नेहमीचं:
- काड: गहू, भात किंवा सोयाबीनचं, कोरडं, न भिजलेलं
- निर्जंतुकीकरण: १०० लिटर पाण्यात कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) ७.५ ग्रॅम + फॉर्मेलिन १२५ मिलि, १६ ते १८ तास, हातमोजे घालून. किंवा ८० अंशांच्या पाण्यात तासभर (मी गरम पाणीच वापरतो)
- बियाणं: ओल्या काडाच्या २ टक्के
- आर्द्रता: ८० ते ९० टक्के
- हिरवी बुरशी दिसलेली पिशवी लगेच बाहेर

तोडणी टोपीची कड वर वळायच्या आधी करा. 'अजून थोडी मोठी होऊ दे' म्हणून थांबलात की वजन चार ग्रॅम वाढतं आणि देठ चामट होतो. पिरगळून काढा, बुडाचा चामट भाग तिथेच कापा. तोडलेली अळिंबीही जिवंतच असते, श्वास घेत राहते. ढीग करून ठेवू नका, भोकं पाडलेल्या पिशवीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. आधीच लांबलेले देठ असतील तर ते कापून उन्हात कडक वाळवा आणि दळा. ती पूड पापडाच्या पिठात मिसळता येते.