रेझ्युमेत दूध डेअरीवरचं काम लिहावं का?

कुणी पहाटे गावच्या दूध संकलन केंद्रावर बसतं, कुणी घरच्या किराणा दुकानाची उधारीची वही सांभाळतं. रेझ्युमे करताना मात्र हे सगळं गळतं आणि उरतं काय, तर एमएस-सीआयटी आणि 'छंद : वाचन'. हे काम लिहावंच, पण नीट.

१. आधी कच्ची यादी करा. पगार मिळत होता की नाही, ते आत्ता बघू नका. शिकवण्या, मंडळाचा जमाखर्च, 'कमवा आणि शिका'मधलं ग्रंथालयातलं काम, सगळं येऊ द्या.

२. मग चाळणी लावा. या कामाबद्दल मुलाखतीत पाच मिनिटं बोलता येईल का? नसेल, तर खोडा. दोन दिवस मांडवात उभं राहणं म्हणजे अनुभव नव्हे.

३. पद फुगवू नका, काम सांगा. 'डेअरीत मदत' यातून काहीच कळत नाही आणि 'डेअरी ऑपरेशन्स मॅनेजर' वाचून हसू येतं. त्यापेक्षा असं लिहा : 'सहायक, दूध संकलन केंद्र. रोज ६० उत्पादकांच्या दुधाचं वजन, फॅट व एसएनएफची नोंद. दर दहा दिवसांच्या बिलांचा ताळा.' (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक.) आकडे अर्थात तुमचे, आणि खरे.

खरा माल मुलाखतीत निघतो. गाईच्या दुधाचा दर साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली गेलं की पैसे कापले जातात आणि शेतकरी तावातावाने काउंटरवर येतो. त्याच्यासमोर पुन्हा नमुना लावून हिशेब पटवून दिला असेल, तर ग्राहकसेवेचं याहून चांगलं उदाहरण कुठलं?

४. अर्ज ज्या नोकरीसाठी आहे, तिच्याशी काम जुळत असेल तर ते 'कामाचा अनुभव' या मथळ्याखालीच द्या, तळाशी 'इतर'मध्ये ढकलू नका. एनएसएसचे २४० तास सगळ्यांचेच असतात. शिबिरात तुमच्याकडे काय होतं, ते लिहा. निवडणुकीत प्रचार केला असेल, तर माझ्या मते पक्षाचं नाव गाळावं, मतदारयाद्या तपासल्याचं ठेवावं.

५. संदर्भासाठी कुणाचा नंबर देण्याआधी त्यांना विचारा. घरच्या दुकानासाठी वडिलांचं नाव देऊ नका. ज्या घाऊक व्यापाऱ्याशी तुम्ही स्वतः व्यवहार करत होतात, त्यांचं द्या.