प्रारण प्रतिक्रिया बल: या चुका टाळा

त्वरण असलेला प्रभार विद्युतचुंबकीय लहरी सोडतो (हेच प्रारण), लहरी ऊर्जा घेऊन जातात, म्हणजे प्रभाराला अडवणारं काहीतरी बल हवंच. तेच प्रारण प्रतिक्रिया बल. इथवर सगळ्यांचं जमतं. उत्तरपत्रिका बिघडते ती पुढच्या ओळीत.

भौतिकशास्त्रज्ञ लार्मोरच्या १८९७ च्या सूत्रात प्रारणाची शक्ती (दर सेकंदाला बाहेर जाणारी ऊर्जा) त्वरणाच्या वर्गावर अवलंबून आहे, म्हणून बलही त्वरणाच्या प्रमाणात असेल असं धरलं जातं. तसं नाही. अब्राहम आणि लोरेंट्झ या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलेलं हे बल त्वरण किती झपाट्याने बदलतं यावर ठरतं. त्वरण एकसमान असेल तर हे बल शून्य, तरीही प्रारण चालूच! इथे मुलं सूत्रावरच शंका घेतात. पण बलाचं ते सूत्र काढताना इंटिग्रेशन बाय पार्ट्समधली टोकाची पदं सोडलेली असतात, आणि ती आवर्ती गतीतच बिनधास्त सोडता येतात. म्हणून ऊर्जेचा हिशेब पूर्ण आवर्तनाचा मांडा. मधल्या क्षणी प्रभाराजवळच्या क्षेत्राशी ऊर्जेची उसनवारी चालू असते.

दुसरी चूक जास्त फसवी आहे: ‘प्रारण सोडताना प्रभाराला बंदुकीसारखा मागे धक्का बसतो.’ प्रभार ज्या चौकटीत क्षणभर स्थिर असतो, तिथे प्रारण समोर आणि मागे सारखंच जातं, एकूण संवेग शून्य. मग धक्का कुठून येणार? बलाचं कारण वेगळं आहे. प्रभार म्हणजे छोटा गोळा समजा. त्याचे भाग एकमेकांना ढकलतात, पण तो परिणाम प्रकाशवेगानेच पोचतो. तोवर गोळ्याची गती बदललेली असते, त्यामुळे पुढचं आणि मागचं ढकलणं एकमेकांना पुरतं रद्द करत नाही. उरलेल्या बलाचा एक हिस्सा त्वरणाच्या प्रमाणात असतो, तो वस्तुमानात जमा होतो. दुसरा गोळ्याच्या आकारावर अवलंबून नसतो. प्रतिक्रिया बल ते हेच.

हे बल घातलेलं गतीचं समीकरण संगणकावर सोडवताना इलेक्ट्रॉन बाहेरचं बल नसतानाही सुसाट सुटला, तर कालपायरी (गणनेतला वेळेचा टप्पा) लहान करत बसू नका. दोष समीकरणातच आहे: त्याचं एक उत्तर दर ६.३×१०⁻²⁴ सेकंदांना सुमारे २.७ पट वाढतं. त्वरणाच्या बदलाच्या जागी बाहेरच्या बलाचा बदल भागिले वस्तुमान घाला (लांडाऊ-लिफशिट्झची युक्ती), पळापळ थांबते.

आणि वेग प्रकाशाजवळ असेल तर साधं लार्मोर सूत्र नकोच. इंदूरच्या इंडस-२ या वर्तुळाकार इलेक्ट्रॉन त्वरकात २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन दर फेरीला सुमारे ०.६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट गमावतो आणि रेडिओ लहरींच्या पोकळ्या तो तोटा भरून काढतात. साध्या सूत्राने हाच आकडा काढला, तर उत्तर १०¹⁴ पटींहून जास्त कमी येतं.