पर्यावरण राखणारा आमदार हवाय? मतदारांनी या चुका टाळा

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे उशिरा जागे होणे. महाराष्ट्राची 2024 ची विधानसभा निवडणूक बघा: 15 ऑक्टोबरला घोषणा, 29 ला अर्जांची मुदत संपली, 4 नोव्हेंबरला माघार, 20 ला मतदान. अंतिम उमेदवार कळल्यावर प्रचार थांबेपर्यंत हातात जेमतेम दोन आठवडे. माहिती अधिकाराच्या उत्तराची मुदतच 30 दिवसांची. म्हणून विद्यमान आमदारांबद्दलचे अर्ज निदान तीन महिने आधी टाका. आमदार निधीतल्या कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयाकडून मागवा. अर्ज 150 शब्दांत बसवा आणि एका अर्जात एकच विषय ठेवा. यादी आली की ओढ्यावर स्लॅब टाकण्याची कामे किती आणि गाळ काढण्याची किती, हे मोजा. मतदार यादीत नाव नसेल तर नाव नोंदवण्याचा अर्ज, म्हणजे नमुना 6, उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधीपर्यंतच उपयोगी पडतो.

दुसरी चूक प्रतिज्ञापत्राची. नमुना 26, म्हणजे उमेदवाराने अर्जासोबत दिलेले मालमत्ता-गुन्ह्यांचे प्रतिज्ञापत्र, सगळे उघडतात, 'गुन्हे: निरंक' वाचतात आणि माणूस स्वच्छ असल्याचे ठरवून मोकळे होतात. बेकायदा वाळू-मुरूम उपशाचा दंड तहसीलदार जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली लावतात. ती महसुली कारवाई असते, त्यामुळे फौजदारी रकान्यात ती दिसेलच असे नाही. थकलेला दंड सरकारी देण्यांच्या तपशिलात शोधा. त्यात जन विश्वास कायद्यामुळे (2023) पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या बहुतेक उल्लंघनांना तुरुंगाऐवजी आर्थिक दंड आला. म्हणजे यापुढे हा रकाना आणखी कमी बोलेल.

खरा मजकूर स्थावर मालमत्तेच्या तक्त्यात असतो. तिथे गट किंवा सर्व्हे क्रमांक, क्षेत्र आणि खरेदीची तारीख लिहावी लागते. ते क्रमांक विकास आराखड्याच्या किंवा प्रादेशिक योजनेच्या नकाशावर ठेवून बघा. जमीन हरित क्षेत्रात आहे का? निळ्या पूररेषेच्या, म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीच्या, आत आहे का? शेजारून नवा रस्ता आखलाय का? मागच्या निवडणुकीचे प्रतिज्ञापत्रही काढा आणि मधल्या पाच वर्षांत जमिनीचे कोणते गट वाढले ते ताडा. काम कंटाळवाणे आहे, पण एका संध्याकाळी होते. सरकारी कंत्राटांचा तपशीलही याच नमुन्यात असतो.

आमदाराला भलतेच विचारणे ही तिसरी चूक. सीआरझेडची (किनारपट्टीवरच्या बांधकामांच्या नियमनाची) अधिसूचना केंद्राची आणि रोजचा कचरा पालिकेचा, तेव्हा उमेदवार मान डोलावून सुटतो. त्याला राज्याच्या हातातले विचारा: झाडांचा 1975 चा कायदा, वाळू-मुरूमासारखी गौण खनिजे, प्रदूषण नियंत्रण मंडळातली रिक्त पदे आणि नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली होणारे आराखड्यातले फेरबदल. 'पर्यावरणाबद्दल तुमची भूमिका काय?' या प्रश्नाला एकच उत्तर येते, आणि ते सगळ्यांचे सारखे असते. त्यापेक्षा गावाचे नाव घेऊन असे विचारा: 'नदीकाठचा हा पट्टा निळ्या रेषेत, म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली आहे. तो रहिवासी करण्याचा प्रस्ताव आला तर तुम्ही लेखी हरकत घ्याल का? हो की नाही?' उत्तर मोबाइलवर टिपून घ्या. कोल्हापूर-सांगलीने 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेत. तिथे हा प्रश्न टाळणाऱ्याला लोक बरोबर ओळखतात.

विधानसभेतली कामगिरी मोजताना नुसती प्रश्नांची संख्या धरू नका. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. मंत्री राहिलेल्याची परीक्षा त्याच्या खात्याच्या शासन निर्णयांवरून करा. बाकीच्यांचे तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) आणि लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या) वाचा. आणि वृक्षारोपणाचे फोटो? झाड जगले का, एवढेच बघा.

आता एकत्र काम करणाऱ्या नागरिकांच्या गटांसाठी. 'अमुक उमेदवाराला मत द्या' असे पत्रक त्याच्या लेखी संमतीशिवाय स्वतःच्या खर्चाने काढले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 खाली दंड होऊ शकतो. संमती घेतलीत तर तो खर्च त्याच्या 40 लाखांच्या मर्यादेत धरला जातो. सगळ्या उमेदवारांची उत्तरे शेजारी शेजारी छापणे जास्त सुरक्षित. तरीही मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता पत्रकावर हवाच, आणि मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत ते वाटू नका.