मॉडेल विमानाची रेडिओ सिस्टीम: बाइंडिंगपासून रेंज टेस्टपर्यंत

फोमचं सव्वा मीटर पंखांचं ट्रेनर (शिकाऊ विमान), नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), ३० अँपिअरचा ईएससी (मुख्य मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), २२०० एमएएचची थ्री-सेल लायपो बॅटरी आणि फ्लायस्कायचा एफएस-आय६ (पुढे नुसतं आय६) हा ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट. आपल्याकडे नव्याने सुरुवात करणाऱ्याच्या हातात बऱ्याचदा असाच काहीसा संच असतो, म्हणून पुढची माहिती त्यालाच धरून दिली आहे. तुमचा सेट दुसऱ्या कंपनीचा असेल तर मेनूंची नावं वेगळी असतील, पण कामाचा क्रम हाच राहील. आधी वीजपुरवठा, मग बाइंडिंग (ट्रान्समीटर आणि विमानातल्या रिसीव्हरची जोडी जमवणं), मग सर्व्होचे हात (त्याच्या दांड्यावर बसणाऱ्या छोट्या पट्ट्या) आणि पुशरॉड (सर्व्होपासून हलत्या भागापर्यंत जाणारी तार) हाताने जुळवणं, आणि ट्रान्समीटरमधले आकडे सगळ्यात शेवटी. नवशिके नेमकं उलटं करतात. सर्व्होचा हात तिरका बसवायचा, मग सबट्रिमने (सर्व्होचा मध्य सरकवणारी सेटिंग) तो सरळ करायचा, मग एका बाजूला हालचाल कमी पडते म्हणून एंडपॉइंट (हालचालीची टोकाची मर्यादा) वाढवायचा. असं विमान उडतंही, पण एका बाजूला चटकन वळतं आणि दुसऱ्या बाजूला आळसावतं, आणि कारण काही केल्या सापडत नाही.

काम सुरू करण्याआधी मोटरवरचा प्रॉप (पुढचा पंखा) काढा आणि तो शेवटची चाचणी होईपर्यंत पुन्हा लावू नका. दहा इंचाचा प्रॉप बोटं कापतो, आणि बाइंडिंग किंवा ईएससी कॅलिब्रेशनच्या वेळी मोटर अचानक सुरू होणं अजिबात दुर्मीळ नाही.

आत नेमकं काय चालतं

स्टिक हलवली की तिच्याखालचा पोटेन्शिओमीटर फिरतो. ट्रान्समीटर त्याचा आकडा करतो, सगळ्या चॅनलचे आकडे एका पाकिटात भरतो आणि २.४ गिगाहर्ट्झवर पाठवतो. रिसीव्हर पाकीट उघडून प्रत्येक सर्व्होला साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स देतो. ही पल्स १५०० मायक्रोसेकंदांची असली की सर्व्हो मध्यावर, १००० असली की एका टोकाला आणि २००० असली की दुसऱ्या टोकाला. ईएससीलाही हीच पल्स जाते, फक्त तो तिचा अर्थ ‘मोटर बंद’ ते ‘फुल थ्रॉटल’ असा लावतो. ट्रिम (मध्य किंचित सरकवणं), एंडपॉइंट, एक्स्पो (मध्यापाशी स्टिकचा परिणाम मऊ करणं) या सगळ्या सोयी शेवटी या एका पल्सची लांबी बदलतात, एवढं लक्षात राहिलं तर मेनूतलं बरंचसं कोडं सुटतं.

जुन्या ७२ मेगाहर्ट्झच्या सेटमध्ये फ्रिक्वेन्सी ठरवणारे क्रिस्टल असायचे. मैदानावर दोघांचा क्रिस्टल एकच निघाला की एकाचं विमान गेलंच समजा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये रिसीव्हर आपल्या ट्रान्समीटरचा ओळखक्रमांक लक्षात ठेवतो आणि दोघं मिळून चॅनल बदलत राहतात, त्यामुळे एकाच मैदानावर अनेक जण बिनघोर उडवू शकतात. मात्र याच कारणामुळे एका कंपनीचा रिसीव्हर दुसऱ्या कंपनीच्या ट्रान्समीटरशी सहसा जुळत नाही. एकाच कंपनीतही प्रोटोकॉल (दोघांची बोलण्याची पद्धत) एकच लागतो. आय६ बरोबर येणारा आयए६बी हा रिसीव्हर एएफएचडीएस २ए या प्रोटोकॉलवर चालतो, त्यामुळे सुटा रिसीव्हर घेताना खोक्यावर तेवढं बघूनच घ्या.

वीज कुठून येते

ईएससीच्या तीन तारांच्या वायरीतून रिसीव्हरला आणि सर्व्होंना ५ व्होल्ट मिळतात. ते देणारा भाग म्हणजे बीईसी. स्वस्त ईएससीत तो लिनिअर असतो, म्हणजे जास्तीचा व्होल्टेज तो उष्णता करून टाकतो. थ्री-सेल बॅटरी पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्ट असते, त्यातून ५ वजा केले की ७.६ उरतात. सर्व्होंनी २ अँपिअर ओढले तर १५ वॉट उष्णता त्या इवल्याशा ईएससीच्या आवरणात साठणार. नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो थ्री-सेलवर चालून जातात. फोर-सेल घेतली किंवा मोठे मेटल गिअरचे सर्व्हो लावले तर स्विचिंग बीईसीचा ईएससी किंवा वेगळा बीईसी घ्या. लिनिअर बीईसी तापून बंद पडला तर रिसीव्हरच बंद पडतो. मग ट्रान्समीटर कितीही भारी असो, उपयोग शून्य.

दोन मोटरच्या विमानात दोन ईएससी असतात, पण रिसीव्हरला वीज एकाच्याच बीईसीतून द्यावी. दुसऱ्याच्या प्लगमधली मधली लाल तार पिनसह बाहेर काढा आणि तिच्यावर टेप गुंडाळा. कापू नका, पुढे कधीतरी लागते.

जोडणीत फ्लायस्कायचा क्रम असा: चॅनल १ एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग), २ एलिव्हेटर (शेपटीचा आडवा हलता भाग), ३ थ्रॉटल (मोटरचा वेग), ४ रडर (शेपटीचा उभा हलता भाग). स्पेक्ट्रम कंपनीच्या सेटमध्ये थ्रॉटल पहिला येतो, त्यामुळे दुसऱ्या सेटसाठीचा व्हिडिओ बघून वायरी खोचू नका. प्लगमध्ये तपकिरी किंवा काळी तार निगेटिव्ह, लाल पॉझिटिव्ह, आणि केशरी, पिवळी किंवा पांढरी सिग्नलची. लाल मध्येच असल्याने प्लग उलटा बसला तरी सहसा काही जळत नाही, पण सर्व्हो ढिम्म हलत नाही.

बाइंडिंग आणि ईएससी कॅलिब्रेशन

१. आयए६बीच्या ‘बी/व्हीसीसी’ लिहिलेल्या जागी बाइंड प्लग लावा आणि ईएससीची वायर चॅनल ३ मध्ये खोचा.
२. बॅटरी जोडा. रिसीव्हरचा लाल दिवा भरभर लुकलुकायला लागतो.
३. ट्रान्समीटरवरचं बाइंड बटण दाबून धरूनच तो चालू करा.
४. दिवा बदलला किंवा पडद्यावर बाइंडिंग संपलं की बॅटरी काढा, बाइंड प्लग काढा आणि दोन्ही पुन्हा चालू करा. दिवा आता स्थिर राहिला पाहिजे.

बाइंड प्लग तसाच विसरला तर प्रत्येक वेळी रिसीव्हर बाइंडिंगमध्येच उठतो आणि ‘सेट खराब निघाला’ अशी तक्रार सुरू होते.

आता ईएससीला थ्रॉटलची दोन टोकं शिकवायची. थ्रॉटल वर असताना आय६ चालू केला तर तो इशारा देऊन अडून बसतो, म्हणून आधी स्टिक खाली ठेवून चालू करा, मुख्य पडदा आला की स्टिक पूर्ण वर न्या आणि मगच बॅटरी जोडा. साधारण दोन सेकंदांनी दोन छोट्या बीप येतात. त्या येताच स्टिक पूर्ण खाली. मग बॅटरीत जितके सेल तितक्या बीप आणि एक लांब बीप येते, की काम झालं. स्टिक वरच धरून राहिलात तर बरेच ईएससी प्रोग्रॅमिंगच्या मेनूत शिरतात आणि वेगवेगळे सूर वाजवायला लागतात. तसं झालं तर काहीही न निवडता बॅटरी काढा आणि पहिल्यापासून करा. या सगळ्यात थ्रॉटल ट्रिम मध्यावर ठेवा. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन आपसात बदला.

सर्व्होचे हात: इथे वेळ द्या

सगळे ट्रिम आणि सबट्रिम शून्यावर आणा, वीज चालू ठेवा, आणि मग सर्व्होवर हात चढवा. हात पुशरॉडशी ९० अंशात असायला हवा. सर्व्होच्या दांड्यावर दाते असतात आणि एक दाता सरकवला की हात पंधराएक अंशांनी हलतो, त्यामुळे तो नेमका काटकोनात बसेलच असं नाही. पिशवीत आलेले बाकीचे हात एकेक करून लावून बघा. दोन टोकांचा हात उलटा फिरवला किंवा चार टोकांच्या फुलीचा दुसरा फाटा वापरला तर दात्यांची जुळणी बदलते आणि बहुधा एक तरी बरोबर काटकोनात बसतो. नको असलेले फाटे कटरने कापून टाका. एवढं करूनही दोन-तीन अंश राहिले, तरच सबट्रिम.

मग क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाचा चिमटा) फिरवून पुशरॉडची लांबी अशी करा की एलेरॉन पंखाच्या कडेशी सरळ रेषेत येईल. हालचाल कमी-जास्त करायची तर आधी भोक बदला. सर्व्होच्या बाजूला आतलं भोक किंवा कंट्रोल हॉर्नच्या (हलत्या भागावरच्या भोकं असलेल्या पट्टीच्या) बाजूला बाहेरचं भोक घेतलं की हालचाल कमी होते, आणि सर्व्होचा जोर व बारकावा वाढतो. ट्रान्समीटरमध्ये एंडपॉइंट ४० टक्क्यांवर आणून हालचाल कमी केली तर सर्व्होची निम्मी क्षमता वापरलीच जात नाही आणि ढिलाई तेवढीच राहते. एंडपॉइंट ८० ते १०० च्या दरम्यान राहतील अशी भोकं निवडा. मॉडेलच्या पुस्तिकेत माप दिलेलं नसेल तर या आकाराच्या ट्रेनरला एलेरॉन आणि एलिव्हेटर दोन्ही बाजूंना १० ते १२ मिलिमीटर आणि रडर २० मिलिमीटर ही सुरुवात ठीक आहे. पट्टी मागच्या कडेला धरून मोजा.

स्टिक टोकाला नेल्यावर सर्व्हो गुणगुणत राहिला तर तो कुठेतरी अडतो आहे. त्या बाजूचा एंडपॉइंट गुणगुण थांबेपर्यंत कमी करा.

दिशा

विमानाच्या मागे उभे राहा, नाक तुमच्यापासून दूर. स्टिक उजवीकडे: उजवा एलेरॉन वर, डावा खाली. स्टिक स्वतःकडे: एलिव्हेटर वर. रडर उजवीकडे: रडरची मागची कड उजवीकडे. उलटं असेल तर ‘रिव्हर्स’मध्ये तो चॅनल बदला. एलेरॉन खाली जाणाऱ्या बाजूला विमान झुकेल असं अनेकांना वाटतं आणि ते बरोबर असलेलं उलटं करून ठेवतात. खाली गेलेला एलेरॉन त्या पंखाला उचलतो, विमान झुकतं ते वर गेलेल्या एलेरॉनच्या बाजूला.

दोन्ही एलेरॉन वाय-वायरीवर (दोन सर्व्हो एकाच चॅनलला जोडणाऱ्या वायरीवर) असतील आणि एकाच दिशेने हलत असतील तर रिव्हर्सने काही होणार नाही. एक सर्व्हो आरशातल्यासारखा उलट बसवावा लागेल, नाहीतर दुसरा एलेरॉन मोकळ्या चॅनलवर घेऊन मिक्स करावा लागेल.

आय६वर बदल जतन करायला कॅन्सल बटण दाबून धरावं लागतं. नुसतं टिचकी मारून बाहेर आलात तर सगळी मेहनत वाया. हे डिझाइन विचित्र आहे, पण आहे ते असं आहे.

ड्युअल रेट (स्विचने हालचालीचं प्रमाण बदलण्याची सोय) स्विचच्या एका स्थितीत १०० आणि दुसऱ्या स्थितीत ६५ टक्के, आणि एलेरॉन-एलिव्हेटरला ३० टक्के एक्स्पो ठेवा. एक्स्पोचं चिन्ह कंपनीनुसार बदलतं: फुटाबात उणे आकड्याने मध्य मऊ होतो, स्पेक्ट्रममध्ये अधिकने. पडद्यावरची रेषा मध्यापाशी सपाट झालेली दिसली पाहिजे. ती तिथे उभी झाली असेल तर विमान हातात राहणार नाही.

फेलसेफ

सिग्नल तुटला तर रिसीव्हरने काय करायचं ते इथे ठरतं. सिस्टीम मेनूतल्या आरएक्स सेटअपमध्ये फेलसेफ उघडा, चॅनल ३ चालू करा, स्टिक पूर्ण खाली धरा आणि कॅन्सल दाबून धरून जतन करा. बाकीचे चॅनल मध्यावर. मग चाचणी: प्रॉप नसताना मोटर अर्ध्या थ्रॉटलवर चालवा आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर एक-दोन सेकंदांत थांबली पाहिजे. थांबली नाही तर उडवायचं नाही, त्यात तडजोड नको. थ्रॉटल रिव्हर्स केला किंवा पुन्हा बाइंड केलं तर ही चाचणी पुन्हा करा, कारण जुनी किंमत आता फुल थ्रॉटल ठरू शकते.

सोबत थ्रॉटल होल्डही (स्टिक कुठेही असली तरी मोटर बंद ठेवणारी सोय) एका स्विचला द्या. आय६ चालू होताना सगळे स्विच वर असावे लागतात. तुमचा होल्ड स्विच खाली केल्यावर लागू होत असेल, तर ट्रान्समीटर चालू केल्यावर तो आधी खाली करा आणि मगच विमानात बॅटरी जोडा.

अँटेना आणि रेंज

आयए६बीला दोन अँटेना आहेत. टोकाचा सुमारे ३१ मिलिमीटरचा भाग सिग्नल घेतो, बाकीची नुसती केबल असते. ही दोन टोकं एकमेकांशी काटकोनात, सरळ, आणि बॅटरी, ईएससी व कार्बन रॉडपासून दूर टेपने चिकटवा. ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक विमानाकडे रोखू नका, टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी असतो.

सेटमध्ये रेंज टेस्ट असेल तर कमी शक्तीवर तीसेक पावलं लांब जा आणि कुणाला तरी विमान वेगवेगळ्या बाजूंनी धरायला सांगा. मोटर बंद असताना सगळं ठीक आणि चालू केल्यावर सर्व्हो थरथरत असतील, तर अँटेना ईएससीच्या फार जवळ आहे किंवा बीईसी कमी पडतो आहे.

पडद्यावर रिसीव्हरचा व्होल्टेज ५ च्या आसपास दिसतो आणि उड्डाणभर तसाच राहतो. तो बीईसीचा आहे, लायपोचा नाही. त्यावर विसंबू नका, टायमर लावा. पहिल्यांदा पाच मिनिटं, उतरवल्यावर सेलचा व्होल्टेज मोजा, आणि प्रत्येकात ३.७ व्होल्टच्या आसपास उरेल असा वेळ ठरवा.

मैदान ठरवताना डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या झोनमध्ये आहे का ते बघा. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे तिथे मर्यादा ४०० फूट आहे, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट.

आता प्रॉप लावा. आधी ट्रान्समीटर चालू, मग विमान. बंद करताना आधी विमान. पडद्यावर मॉडेलचं नाव बरोबर आहे ना ते वाचा आणि फेकण्यापूर्वी दिशा एकदा पुन्हा बघा. पहिल्या उड्डाणात ट्रिम लागतीलच. उतरल्यावर ट्रिम तसेच ठेवून एलेरॉन-एलिव्हेटरची कड कुठे आहे त्याची पेनाने खूण करा, ट्रिम शून्यावर आणा, आणि क्लेव्हिस फिरवून कड परत त्या खुणेवर आणा.