भाजणी विकायची तर आधी वही काढा

घरगुती उद्योग सुरू केलेल्या बायका (हल्ली पुरुषही) मला पहिला प्रश्न विचारतात तो इन्स्टाग्रामचा. पेज कसं काढायचं, रील कशी करायची, किती फॉलोअर झाले की ऑर्डरी येतात. मी उलट विचारते, गेल्या महिन्यात तुमच्याकडून कुणी कुणी माल नेला त्यांची नावं सांगा. बहुतेकींना आठ-दहा नावं आठवतात. विकलेली असते तीस-चाळीस पाकिटं.

मी आणि माझी जाऊ मिळून गेली काही वर्षं भाजणी विकतो: थालीपिठाची, चकलीची आणि उपासाची. त्यात ज्या गोष्टी चालल्या त्या इथे क्रमाने लिहिते. तुमचा माल मेतकूट असो, मसाला असो की कापडी पिशव्या, हिशोब तोच.

पहिलं काम, वही

साधी दोनशे पानी वही घ्या. पाच रकाने आखा: नाव, मोबाइल, काय नेलं, कुणी सांगितलं म्हणून आले, परत आले का. चौथा रकाना सर्वात महत्त्वाचा आणि नेमका तोच भरायचा राहतो. आमच्या वहीत पहिल्या तीन महिन्यांनंतर त्या रकान्यात एकाच काकूंचं नाव अकरा वेळा आलं. काकू आमच्या नात्यातल्या नाहीत, त्यांना आम्ही काही दिलंही नव्हतं. त्यांच्या भिशीत भाजणीचा विषय निघाला होता, इतकंच. त्या दिवाळीला पहिला डबा त्यांच्याकडे गेला.

मोबाइलवर एक्सेल चालतं, पण दारात उभ्या गिऱ्हाइकासमोर वहीच पटकन उघडते.

एकाच प्रतीचा माल

सुरुवातीला आम्ही 'साधी' आणि 'स्पेशल' अशा दोन भाजण्या ठेवल्या होत्या. साधीत डाळी कमी, भावही कमी. झालं असं की साधी नेणारी बाई शेजारणीला सांगताना 'साधी' हा शब्द गाळायची. नाव आमचं आणि चव कमअस्सल. लिज्जत पापडाची सुरुवातीची गोष्ट अशीच आहे. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केलं, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. सुरुवातीला त्यासुद्धा दोन प्रतींचे पापड करत होत्या. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनबाप्पा पारेख यांनी सांगितलं की एकच प्रत करा आणि तिच्यात तडजोड करू नका. आम्ही साधी बंद केली, तेव्हा दोन-तीन गिऱ्हाइकं तुटली. ती तुटू द्यावीत.

भाव ठरवताना दुकानदार धरा

इथे बहुतेक जणी चुकतात, म्हणून आकडे मांडून दाखवते. तुमच्या गावचे भाव घालून हाच हिशोब करा. समजा १० किलो धान्य-डाळी आणल्या, ९०० रुपये. गॅस १२०, गिरणीचं दळण १००. निवडणं, भाजणं, भरणं मिळून सहा तास, ताशी ८० रुपयांनी ४८०. (स्वतःची मजुरी धरायचीच. 'घरचंच तर आहे' म्हणून ती सोडली की धंदा वाढल्यावर मदतीला बाई ठेवता येत नाही.) भाजण्यात आणि गिरणीत घट होऊन हातात साडेनऊ किलो येतं, म्हणजे अर्ध्या किलोची १९ पाकिटं. पाकीट आणि लेबल ७ रुपये धरलं तर १३३. एकूण १७३३. पाकिटामागे ९१ रुपये. नमुने, फुटलेली पाकिटं, रिक्षा यांचे ९ घाला, शंभर झाले.

आता एमआरपी १२० ठेवलीत तर घरून विकताना वीस रुपये सुटतात आणि छान वाटतं. पुढे वाण्याने पाकिटं ठेवायला होकार दिला आणि २० टक्के मागितले, की तुमच्या हातात येतात ९६. प्रत्येक पाकिटामागे चार रुपये खिशातून. म्हणून पहिल्या दिवसापासून १४० ठेवा. दुकानदाराला २८ देऊनही ११२ उरतात. आणि घरी येणाऱ्यालाही तोच भाव लावा. वाण्याकडे १४० आणि तुमच्या दारात १२० हे त्याला आठवड्यात कळतं. मग तो पाकिटं मागच्या फळीवर टाकतो.

पाकिटावर काय हवं

खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयची (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आधी. १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा. त्याखेरीज घटक पदार्थ, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, बॅच, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी नंबर. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, तो ठळक लिहा, काहींना चालत नाही. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि फुकट होते. तिच्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका.

लेबलवर पणती, रांगोळी, नथ घातलेली बाई असं सगळं एकदम नको. वजन आणि नाव चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.

चकलीचा फोन

आमचा धंदा खरा वाढला तो एका चिठ्ठीमुळे. चकलीची भाजणी नेणाऱ्या बाईला पीठ नको असतं, तिला दिवाळीची चकली बिघडायला नको असते. हे कळायला आम्हाला दोन दिवाळ्या लागल्या. पहिल्या वर्षी धनत्रयोदशीला रात्री साडेनऊला फोन आला, "तुमच्या भाजणीची चकली तेलात विरघळतेय." जाऊबाईंनी विचारलं, मोहन किती घातलंत? बाईंनी चांगलं दुप्पट घातलं होतं. उरलेल्या पिठात कोरडी भाजणी मिसळायला सांगितली, चकली सावरली. पुढच्या वर्षी त्याच बाईंनी आपल्या सोसायटीतून नऊ ऑर्डरी आणल्या.

तेव्हापासून प्रत्येक पाकिटात चिठ्ठी जाते. एका बाजूला आमच्या भाजणीचं प्रमाण, वाटीच्या मापात. दुसऱ्या बाजूला बिघाड आणि उपाय: सोऱ्यातून पडताना तुटली तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा, तेलात विरघळली तर मोहन जास्त झालंय. खाली एक ओळ, 'चकली करताना अडलात तर फोन करा, सकाळी ९ ते रात्री १०.' दिवाळीच्या आठवड्यात आम्ही आळीपाळीने फोनवर बसतो. फोन येतात ते फार नाहीत, पण नंबर आहे या भरवशावरच पाकीट उचललं जातं.

तुमच्या मालाच्या बाबतीत गिऱ्हाइकाची भीती कुठे असते ते शोधा. कापडी पिशवी घेणाऱ्याला रंग जाईल का ही शंका असते, लोणचं घेणाऱ्याला बुरशीची. त्या भीतीवर उत्तर पाकिटातच ठेवा.

व्हॉट्सअॅप, पण बेतानं

व्हॉट्सअॅप बिझनेस हे अॅप फुकट आहे. त्यात कॅटलॉग करा, तीन-चार वस्तूंचे फोटो दिवसाउजेडी खिडकीशी काढलेले. गिऱ्हाइकांना लेबलं लावा: 'नवीन', 'दिवाळी', 'उपास'. ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) एका वेळी २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. हे माहीत नसल्याने आम्ही वर्षभर शंभरेक जणींना निरोप पाठवत होतो आणि पोचत होते वीस-पंचविसांना.

यावर उपाय म्हणून अॅपमधला क्यूआर कोड चिठ्ठीवर छापला. 'कोड स्कॅन करा, प्रमाणाचा व्हिडिओ पाठवतो' असं लिहिलं. बाई स्वतः निरोप पाठवते, मग व्हिडिओसोबत नंबर सेव्ह करायची विनंती जाते. न विचारता कुणाला ग्रुपमध्ये ओढू नका.

निरोप किती? आम्ही पंचांग बघून पाठवतो. आषाढी, श्रावण, नवरात्र, महाशिवरात्र यांच्या आठ दिवस आधी उपासाच्या भाजणीचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चकलीचा, त्यात स्पष्ट लिहिलेलं की ऑर्डर कोजागिरीपर्यंतच घेऊ. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत वीसेक दिवस मिळतात. कोजागिरीला यादी बंद केली की पंधरा दिवसांत भाजणं, दळणं, पोचवणं जमतं. आणि 'शेवटची तारीख' वाचून बायका खरोखर फोन करतात. ती तारीख मात्र पाळायची. एकदा ओळखीखातर मोडलीत तर पुढच्या वर्षी तिला कुणी विचारणार नाही.

सुप्रभात आणि फुलं पाठवू नका. म्यूट होतं.

वाण म्हणून नमुना

नमुने वाटायचे तर खर्च येतो. शंभर ग्रॅम भाजणीत दोन थालीपिठं होतात, चव कळायला तेवढं लागतंच. पण पन्नास घरी नमुने द्यायचे म्हणजे पाच किलो माल गेला. संक्रांतीच्या सुमारास एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, वाणाला देण्यासारखं काही आहे का, प्लॅस्टिकचे डबे देऊन कंटाळा आलाय. आम्ही शंभर ग्रॅमची पाकिटं केली, वर हळदी-कुंकवाच्या दोन बोटांचं चित्र आणि मागे क्यूआर कोड. त्यांनी चाळीस पाकिटं विकत घेऊन चाळीस घरी पोचवली! नमुना आमचा, पैसे त्यांचे, आणि शिफारसही त्यांचीच.

आता संक्रांत ते रथसप्तमी हा आमचा दुसरा हंगाम आहे. मार्गशीर्षाच्या सुरुवातीलाच वाणाचा निरोप पाठवतो, कारण बायका खरेदी तेव्हापासून ठरवतात. डोहाळजेवण, बारसं, गणपतीत येणाऱ्या सवाष्णी, अशा ठिकाणीही ही छोटी पाकिटं जातात.

प्रदर्शनात मांडणी

बचत गट असाल तर पंचायत समितीतल्या उमेद या बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या कार्यालयात चौकशी करा. मुंबईतल्या महालक्ष्मी सरससारख्या मोठ्या प्रदर्शनाला गटांना तिथूनच वाट मिळते. खासगी प्रदर्शनं मात्र जपून. आम्ही एकदा तीन दिवसांचं भाडं भरून स्टॉल घेतला, आमच्या दोन्ही बाजूंना कृत्रिम दागिने आणि समोर मोबाइलची कव्हरं. तीन दिवसांत भाडंही निघालं नाही. आता आधी गिऱ्हाईक म्हणून एक प्रदर्शन बघून येतो, मगच पुढच्या वर्षी स्टॉल.

स्टॉलवर गरम थालीपीठ लावायची परवानगी आहे का ते विचारा. वास हीच जाहिरात. परवानगी नसेल तर घरून आणलेले तुकडे लोण्याबरोबर ठेवा, आणि खुर्चीत बसून मोबाइल बघू नका.

गुगलवर नोंद

गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट काढता येतं. घरून धंदा असेल तर पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात माल देता ते दाखवता येतं. वहीत 'परत आले' अशी खूण असलेल्यांनाच अभिप्राय लिहायची विनंती करा. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देऊ नका, गुगलच्या नियमात ते बसत नाही. पैसे भरून ऑनलाइन जाहिरात करायची घाई नको. आमचे पहिले ५०० रुपये परगावच्या लाइक्समध्ये गेले, कारण जाहिरात किती किलोमीटरच्या आत दाखवायची ते ठरवायचं राहूनच गेलं होतं.

फाल्गुनात आम्ही वही घेऊन बसतो. दिवाळीत नेलं आणि पुन्हा आल्या नाहीत अशा बायकांना एकेक फोन करतो. विकायला नाही, विचारायला. गेल्या खेपेला एकीने चव, भाव कशाचीच तक्रार केली नाही. म्हणाली, "पाकीट उघडायला दर वेळी कात्री शोधावी लागते." पुढच्या मालाला कडेला खाच असलेली पाकिटं आणली, पाकिटामागे चाळीस पैसे जास्त पडले.