आईच्या अमेरिकेच्या व्हिसाचा फोटो अखेर कसा जमला

आईचा डीएस-१६० फॉर्म, म्हणजे अमेरिकेच्या व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, भरताना फोटो दोनदा नापास झाला. स्टुडिओतून आणलेला फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, म्हणजे उभा. अमेरिकेला मात्र चौकोनी लागतो: किमान ६०० बाय ६०० पिक्सेल, जास्तीत जास्त १२००, जेपीईजी आणि २४० केबीच्या आत. उभा फोटो ताणून चौकोनी केला तर चेहरा पसरट झाला. हे अजिबात करू नका.

शेवटी घरीच काढला. आईला पांढऱ्या भिंतीपासून तीन फूट पुढे, खिडकीकडे तोंड करून उभं केलं. भिंतीला चिकटून उभं राहिलं की कानामागे सावली पडते, माझा पहिला फोटो त्यातच गेला होता. फिकट साडी भिंतीत मिसळत होती म्हणून गडद निळी नेसायला लावली. चष्मा काढला, २०१६च्या नोव्हेंबरपासून तो चालत नाही. तिला चष्म्याशिवाय चुकल्यासारखं वाटत होतं, पण इलाज नव्हता. मागचा कॅमेरा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, पाच फुटांवरून. ब्यूटी फिल्टर बंद.

मग चौकोनी कापला. हनुवटीपासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंतचा भाग फोटोच्या उंचीच्या ५० ते ६९ टक्के हवा, म्हणजे ६०० पिक्सेलमध्ये साधारण ३०० ते ४१४. आधी कापायचा, आकार नंतर कमी करायचा. फोटो लॅपटॉपवर घेताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला, नाहीतर तो आपोआप दाबून लहान केला जातो.

तिसऱ्या वेळी लगेच स्वीकारला गेला.