किती चुकले तरी चालतील? पेपराआधी करायचा हिशेब

सराव परीक्षा देताना मला एक सवय लागली. किती बरोबर यायला हवेत हे बघण्याऐवजी किती चुकले तरी चालतील, तो आकडा आधी काढायचा आणि कच्च्या कामाच्या कागदावर मोठा लिहायचा. पेपर सोडवताना बरोबर उत्तरं कोणी मोजत बसत नाही. अडलेले प्रश्न मात्र डोक्यात राहतात. त्यामुळे हाच आकडा कामी येतो.

हिशेब सोपा, फक्त अपूर्णांकाशी नीट वागायचं. ४६ प्रश्न आणि ७० टक्क्यांची अट असेल, तर ३२.२ येतात. ३२ बरोबर आले तर तुम्ही नापास, म्हणून ३३ लागतात आणि १३ चुकण्याची मुभा उरते. लागणारा आकडा नेहमी वर न्यायचा. छोट्या पेपरात हे फारच जाचक होतं: १० प्रश्न आणि ७५ टक्के म्हणजे ८ बरोबर हवेत, प्रत्यक्षात अट ८० टक्क्यांचीच झाली.

निगेटिव्ह मार्किंग असलं की चुकलेला आणि सोडलेला प्रश्न सारखा राहत नाही. १०० प्रश्न, पास व्हायला ६० गुण, चुकीला पाव गुण वजा, असं समजा. तुमच्याकडे खर्चायला ४० गुण आहेत. सोडलेला प्रश्न १ गुण खातो, चुकलेला सव्वा. सगळे सोडवले तर ३२ चुका परवडतात. १२ सोडले तर उरलेल्या २८ गुणांत २२च. चार पर्याय असतील तर निव्वळ तुक्क्यानेही सरासरीत किंचित फायदा होतो, आणि एक पर्याय नक्की खोडता आला तर सोडून देण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. एक तृतीयांश गुण कापत असतील तर चार पर्यायांतला आंधळा तुक्का सरासरीत शून्यावर येतो.

आता प्रत्यक्ष पेपरात. ६० प्रश्न, ६५ टक्के, निगेटिव्ह नाही: ३९ हवेत, मुभा २१ची. पहिल्या फेरीनंतर १४ प्रश्न अजिबात येत नाहीत आणि १० ठिकाणी दोन पर्यायांत घोळ आहे. घोळातले निम्मे, म्हणजे ५, गेले असं धरा. १४ आणि ५ मिळून १९. दोनच शिल्लक, म्हणजे जमलं? नाही! खात्रीने लिहिलेल्या ३६ मध्येही चुका असतात. किती, ते स्वतःच्या सराव परीक्षांवरून काढून ठेवावं. दहातला एक धरला तरी तीन-चार जातात. मग ते १४ कोरे ठेवणं परवडणारं नाही. चार पर्यायांत डोळे मिटून टिक केलं तरी सरासरीने तीन-चार लागतात, तेवढ्यावर गाडी काठावर येते.

काही परीक्षांत कच्च्या गुणांचं रूपांतर करून निकाल लावतात, किंवा गुणांत न धरले जाणारे प्रश्न मिसळलेले असतात. तिथे ही गणितं ढोबळ अंदाजापलीकडे नेऊ नयेत.

विभागवार अट आहे का, हे मात्र आधी वाचा. २० प्रश्नांचे तीन विभाग, एकूण ६० टक्के आणि प्रत्येकात किमान ५० टक्के अशी अट असेल, तर एकूण मुभा २४ची असली तरी एका विभागात १० पेक्षा जास्त चुका चालत नाहीत. दोन विभागांत २ आणि ३ चुका, तिसऱ्यात ११: एकूण ४४ बरोबर, ७३ टक्के, आणि तरी नापास. म्हणून कागदावर एक नाही, चार आकडे लिहायचे.